सांगायचं कुणी

चिम्बोंगो मिशन रुग्णालय
१४ मार्च २००५

स्टाफ नर्स तोवेरा म्हांगो यांस,

शिस्त समितीचा निर्णय कळवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पुरुष वॉर्डातील एका रुग्णाचा एचआयव्ही तपासणीचा निकाल आपण त्याच्या संमतीशिवाय त्याच्या पत्नीला सांगितला, हे आपण स्वतः कबूल केले आहे. त्यानंतर रुग्णाने पत्नीला मारहाण करून माहेरी पाठवले, आणि 'इथं माझी अब्रू राहिली नाही' असे म्हणून स्वतःही उपचार सोडून निघून गेला.

आपली बदली सरोवरकाठच्या मलोवे आरोग्य केंद्रात करण्यात येत आहे. दोन वर्षे बढतीचा विचार होणार नाही. येत्या मंगळवारच्या बोटीने रुजू व्हावे.

आपल्या कामाबद्दल एरवी तक्रार नव्हती, हे मी समितीपुढे नोंदवले आहे.

जेनाला कुमवेंडा
मेट्रन


मलोवे
२ एप्रिल २००५

मेट्रनबाई,

रुजू झाले. बोटीतून उतरताना गुडघाभर पाण्यातून चालत यावं लागलं, बूट डोक्यावर धरून. इथं मी एकटी नर्स आहे. मदतीला एक म्हातारी सफाईवाली आहे. ती मला दिवसातून चारदा विचारते, 'पोरी, तू काय गुन्हा केलास गं?' कारण इथं कुणी आपण होऊन येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. मी सांगते, खरं बोलले. ती म्हणते, मग बरोबरच आहे.

तुम्ही माझ्या कामाबद्दल चांगलं नोंदवलंत, त्याबद्दल आभार. पण एक गोष्ट तुम्ही नोंदवली नाहीत. मी तुमच्याकडे दोनदा आले होते. पहिल्यांदा आले तेव्हा मंत्रालयाची तपासणी तोंडावर होती आणि तुमच्या टेबलावर फायलींचा ढीग होता. मी म्हटलं, त्या ड्रायव्हरच्या बायकोला सहावा महिना आहे, तो तिला सांगायला तयार नाही, मी काय करू? तुम्ही मान वर न करता म्हणालात, 'नियमावली वाचा, सिस्टर.' दुसऱ्यांदा आले तेव्हा तुम्ही व्हरांड्यातच होतात. चालता चालता म्हणालात, 'वाचली का?'

वाचली होती. संमतीशिवाय सांगू नये, रुग्णाला स्वतः सांगण्यास प्रवृत्त करावे, असं लिहिलंय तिच्यात. प्रवृत्त कसं करायचं ते कुठल्याच पानावर नाही. मी आठ दिवस प्रयत्न केला. तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. आणि त्याची बायको रोज डबा घेऊन यायची, पोटावर हात ठेवून बाकावर बसायची आणि मला विचारायची, 'सिस्टर, त्याला नक्की काय झालंय? मलेरिया इतके दिवस राहतो का?' तिला कळलं तर निदान बाळ वाचवता येईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. म्हणून तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं.

पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा सांगेन. हवं तर हेही समितीला कळवा.

तोवेरा म्हांगो


चिम्बोंगो
२० एप्रिल २००५

सिस्टर म्हांगो यांस,

आपले पत्र मिळाले. या बोटीने हातमोजे, दोन थर्मामीटर, स्टोव्हच्या वाती आणि बाळंतपणाचा नवा संच पाठवत आहे. पोचल्याची सही करून पावती परत पाठवावी.

आपण दोनदा आलात, असे लिहिले आहे. त्या आठवड्यात माझ्याकडे अनेकजण येत होते. मला नेमके आठवत नाही.

'पुन्हा सांगेन' असे लिहिणे शोभत नाही. उद्या आपल्या केंद्रात येणारा माणूस आपल्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवील, याचा विचार करावा.

जेनाला कुमवेंडा


मलोवे
१५ मे २००५

मेट्रनबाई,

पावती सोबत आहे. एक थर्मामीटर वाटेत फुटला.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. ती बाई इथं आली. ड्रायव्हरची बायको. तिचं माहेर इथून दोन कोसांवर, डोंगराच्या अंगाला आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. गेल्या शनिवारी सकाळी तिची आई तिला होडीतून घेऊन आली, कळा सुरू झालेल्या होत्या. मला बघितल्यावर ती परत वळेल असं वाटलं. वळली नाही. वळून जाणार तरी कुठे?

येताना मी चिम्बोंगोहून बाळाला लागण टाळणाऱ्या गोळ्या मागून आणल्या होत्या. कळा येताना आईला एक आणि जन्मल्यावर बाळाला थेंब. तिला गोळी दिली. दुपारी मुलगी झाली, अडीच किलोला थोडी कमी. बाळाला थेंब पाजले. बाळ निरोगी आहे की नाही ते कळायला अजून खूप महिने जावे लागतील, पण जे करता येण्यासारखं होतं ते वेळेवर झालं. तिला माहीत होतं म्हणून झालं. मी तिच्याजवळ बसले होते आणि मनात म्हणत होते, बघा मेट्रनबाई, बघा.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईने कसाव्याच्या पिठाचं कोंडोवोले आणि वांग्याचं कालवण आणलं. जेवण झाल्यावर तीच बोलली. रागावलेली नव्हती. म्हणाली, 'तू सांगितलंस ते बरं केलंस. पण नळावर नको होतं सांगायला.'

मी तुम्हाला लिहिलं होतं की मी तिला बाजूला घेतलं. समितीलाही तेच सांगितलं होतं. ते खरं नाही. ती वॉर्डामागच्या नळावर डबा धूत होती आणि मी तिथंच सांगून टाकलं. मला वाटलं, हळू आवाजात बोलतेय. तिची सासू चार हातांवर बादली भरत होती, शिवाय शेजारच्या गावच्या दोन बाया होत्या. संध्याकाळपर्यंत बातमी तिच्या सासरी पोचली होती. नवऱ्याने तिला मारलं ते तिला कळलं म्हणून नाही. गावाला कळलं म्हणून मारलं. तिचा मोठा मुलगा सासरीच ठेवून घेतला आहे. इथल्या रिवाजाप्रमाणे तो बापाच्या घरचा. चार वर्षांचा आहे. ती बाळाला पाजताना त्याचं नाव घेते.

आठ दिवस ते ओझं एकटीने वाहिलं होतं, कधी एकदा खाली टाकते असं झालं होतं. मी ते तिच्यासाठी सांगितलं की माझ्यासाठी, हे मला आता सांगता येत नाही.

हे तुम्हाला कळवायला तिची हरकत नाही. मी विचारून घेतलं. आता विचारते.

तोवेरा


चिम्बोंगो
९ जून २००५

तोवेरा,

हे कार्यालयीन पत्र नाही, म्हणून साधं लिहिते. 'तू' म्हटलेलं चालेल ना?

आधी वाईट बातमी. तो ड्रायव्हर एप्रिलच्या शेवटी गेला. इथून निघाल्यावर त्याने पुन्हा कुठल्याच दवाखान्याचं तोंड बघितलं नाही. औषधं फुकट मिळू लागून वर्ष होत आलं, आणि तो घरी पालापाचोळा उकळून पीत होता. त्याच्या बायकोला तिकडे अजून कळलं नसेल, तर तू सांग. या वेळी कुठे सांगायचं ते मी तुला शिकवायला नको.

तू दोनदा आलीस ते मला आठवतं. पहिल्या दिवशी आठवत होतं, समितीपुढे आठवत होतं आणि एप्रिलमध्ये तुला नाही म्हणून लिहिलं तेव्हाही आठवत होतं. समितीच्या अध्यक्षांनी मला विचारलं होतं, 'या सिस्टरने वरिष्ठांचा सल्ला घेतला होता का?' मी म्हटलं, 'माझ्या माहितीत नाही.' वीस वर्षांच्या नोकरीत मी रुग्णाच्या कागदावर खोटा ताप लिहिला नाही, कुणाला लिहू दिला नाही. आणि ते वाक्य किती सहज बोलून गेले.

हे आज का लिहितेय, तर माझ्यावर तीच वेळ आली आहे. एक माणूस आमच्याकडे आला, कमरेभोवती नागीण उठलेली. तपासणी केली, निकाल तोच. कोण ते सांगणार नाही. एवढंच सांगते, त्याच्या बायकोला मी ती जन्मल्यापासून ओळखते आणि दर रविवारी चर्चनंतर त्याच घरात जेवते. निकाल ऐकल्यावर तो माझ्या कार्यालयात आला. रडला नाही, ओरडला नाही. हात जोडून म्हणाला, 'त्या पोरीची तू दूर बदली केलीस, ते सगळ्या गावाला माहीत आहे. म्हणून मी इथंच आलो. मला ठाऊक आहे, तू सांगणार नाहीस.'

तुझ्या शिक्षेच्या भरवशावर आला होता तो, तोवेरा. आता मी तोंड उघडलं तर कुठल्या तोंडाने मेट्रन म्हणवून घेऊ? आणि गप्प राहिले तर त्या बाईच्या ताटात कशी जेवू? तिला मूल हवं आहे. दर रविवारी ती मला विचारते, काही औषध आहे का.

सव्वीस दिवस झाले. मी नियमावली तीनदा वाचली. तुझं खरं आहे, कुठल्याच पानावर नाही.

तुझ्याकडून शिकायची लाज वाटत नाही. आठ दिवस त्या ड्रायव्हरशी तू काय काय बोललीस ते लिही.

जेनाला कुमवेंडा


मलोवे
२८ जून २००५

मेट्रनबाई,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस काही सुचलं नाही. त्या बाईला ड्रायव्हरची बातमी तिच्या आईच्या घरी जाऊन, दोघींनाच बसवून सांगितली. ती रडली. इतकं झाल्यावरही रडली.

तुमच्या घरचं मला काही ठाऊक नाही, पण रागावणार नसाल तर एक विचारते. 'एक माणूस', 'ती बाई', असं तुम्ही लिहिलंय. माणूस स्वतःबद्दल असंच लिहितो. तो माणूस तुमचेच यजमान आहेत का? तसं असेल तर कृपा करून आधी स्वतःचं रक्त तपासा. चिम्बोंगोत नको वाटत असेल तर मझुझू शहरात जा, नाहीतर इथं या. मी कुणाला सांगणार नाही. हे वाक्य माझ्या हातून लिहिताना मलाच कसंतरी होतंय, पण खरंच नाही सांगणार.

ड्रायव्हरशी मी काय बोलले ते आठवून लिहिते. मी त्याला रोज सांगत होते, 'तुला सांगावं लागेल.' बाळ मरेल, बायको मरेल, देव बघतोय, सगळं बोलले. भीती घातली. तू कशाला भितोस, हे एकदाही विचारलं नाही. आता इथं बसून वाटतं, तेच पहिल्यांदा विचारायला हवं होतं. तो कदाचित म्हणाला असता, आईला. त्या बाईच्या सासूला बघितल्यापासून मला तसं वाटतं.

आणखी एक. तुम्ही एकट्या ठेवू नका हे. मी ठेवलं आणि नळावर सांडलं.

तोवेरा


चिम्बोंगो
१७ ऑगस्ट २००५

प्रिय तोवेरा,

उत्तराला उशीर झाला. उशीर का झाला ते पुढे कळेल.

माझे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली, मोटार अपघातात. तुझा प्रश्न वाचून आधी राग आला, मग हसू आलं आणि मग दरवाजा लावून थोडी रडले. माझ्या रक्ताची काळजी इतक्या वर्षांत कुणी केली नव्हती.

आता नाव लिहायला हरकत नाही, कारण गेल्या शुक्रवारी त्याने स्वतः शाळेच्या सगळ्या शिक्षकांना बसवून सांगितलं. तो मॅक्सन, इथल्या प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक. माझ्या धाकट्या बहिणीचा, तिवोंगेचा नवरा.

तुझं पत्र आल्यावर मी त्याला बोलावलं आणि तू म्हणालीस तेच विचारलं. 'कशाला भितोस?' तो म्हणाला, 'ती सोडून जाईल. आणि शाळेतली पोरं माझ्या हातची वही घेणार नाहीत.' मग मी म्हटलं, 'मी सांगणार नाही. पण खोटंही बोलणार नाही. तिने मला सरळ विचारलं तर मी म्हणेन, त्याला विचार. आणि आजपासून दर सोमवारी सकाळी तू इथं यायचंस. आपण दोघं मिळून ते वाक्य शोधू.'

तीन सोमवार आला. शाळेत भाषणं ठोकणारा माणूस, त्याला घरात बोलायचं एक वाक्य सापडेना. एकदा त्याने ते कागदावर लिहून आणलं, व्याकरण तपासून. मी म्हटलं, 'मुख्याध्यापकसाहेब, बायकोला अर्ज करताय का?' तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

मी रविवारचं जेवण टाळू लागले होते. वॉर्डात काम आहे म्हणायचे. पाचव्या रविवारी तिवोंगे माझ्या घरी आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, 'ताई, माझ्या नवऱ्याला काय झालंय?' मी म्हटलं, 'त्याला विचार.' तिने माझ्याकडे बघितलं. तिला तिथंच कळलं, तोवेरा. न सांगणं हेही सांगणंच झालं की काय, हा प्रश्न मी स्वतःला अजून विचारते आहे. ती घरी गेली आणि त्या दुपारी त्याने तिला सांगितलं.

ती त्याला सोडून गेली नाही. मला मात्र तिने सोडलं. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, 'किती दिवस माहीत होतं तुला?' मी आकडा सांगितला. सत्तर. ती म्हणाली, 'सत्तर दिवस मी त्याच्या शेजारी निजत होते आणि तू नर्स होतीस. बहीण कधी होणार होतीस?'   ती तपासणीला मझुझूला गेली, माझ्या रुग्णालयात नाही. निकाल काय आला ते मला माहीत नाही. मी मॅक्सनला विचारलं नाही, विचारणारही नाही. आम्ही बाजारात भेटलो तर ती पलीकडच्या बाजूने जाते.

त्याच आठवड्यात मी परिचारिका परिषदेला पत्र लिहिलं. सिस्टर म्हांगो माझ्याकडे दोनदा सल्ल्यासाठी आली होती, मी तिला टाळलं, आणि समितीपुढे मी खोटं बोलले. तुझं नळाचं मी लिहिलेलं नाही. ते तुझं आहे. सांगायचं की नाही, ते तू ठरव.

जेनाला


मलोवे
१० सप्टेंबर २००५

मेट्रनबाई,

परिषदेचं बोलावणं मलाही आलं आहे. मी नळाचं लिहून पाठवलं. लिहिल्यावर दोन ताटं जेवले.

तिवोंगेताईंबद्दल काय लिहू? तुम्ही सांगायला हवं होतं असंही वाटतं आणि नको होतं असंही. फेब्रुवारीत मला यातलं एकच वाटत होतं.

ती बाई बाळाला वजनाला घेऊन येते. चार किलो सातशे. तिच्या आईने सासरी निरोप पाठवला आहे की मुलगा निदान नाताळला पाठवा. सासूचं उत्तर आलेलं नाही.

तोवेरा


चिम्बोंगो
६ नोव्हेंबर २००५

प्रिय तोवेरा,

परिषदेचा निकाल तुला मिळाला असेलच. तुझी बढतीची बंदी एका वर्षावर आली आणि बदली जानेवारीपासून उठली, माझ्या नोंदीत ठपका आला. तीन महिने मेट्रनपद काढून घेतलं आहे, तोवर मी स्त्री वॉर्डात साधी सिस्टर. पहिल्या दिवशी नव्या पोरी मला बेडपॅन द्यायला लाजत होत्या. मीच उचललं. हात विसरले नव्हते.

पद परत मिळालं तर एक गोष्ट करायचं ठरवलं आहे. खरं तर पद नसतानाच सुरू केली आहे. गुरुवारी दुपारी चहाच्या वेळी मी वॉर्डामागच्या खोलीत बसते. ज्या सिस्टरला काही सुचत नसेल तिने यावं. मी उत्तर देईनच असं नाही, पण मान वर करून ऐकेन. पहिल्या गुरुवारी कुणी आलं नाही. दुसऱ्या गुरुवारी दोघी आल्या. तू जानेवारीत परत येऊ शकतेस, आणि यावंस असं मला वाटतं. मात्र मलोवेला दुसरी नर्स मिळेपर्यंत थांबायचं म्हणालीस तर मी आडवी येणार नाही.

आता शेवटचं. काल तिवोंगे आली. तीन महिन्यांनी. ड्यूटी संपायची वाट बघत रुग्णालयाच्या आंब्याखाली बसली होती. आम्ही घरी आलो. तिने चपला काढल्या, लहानपणी बसायची तशी पाय वर घेऊन बसली आणि विचारलं, 'पुन्हा असं झालं, दुसऱ्या कुणाचं, तर पुन्हा गप्प बसशील?'

मला खोटं बोलता आलं असतं. तिला तेच हवं असेल असं वाटलं. मी म्हटलं, 'सत्तर दिवस नाही लावणार. त्याच्या मागे जास्त लागेन, पहिल्या दिवसापासून. पण सांगणार नाही.'

 ती म्हणाली, 'मला तुझा राग आहे. तो जायचा नाही इतक्यात. पण मला कुणाला तरी काही सांगायचंय, आणि सगळं गाव डोळ्यापुढे आणलं तरी तुझ्याशिवाय नाव सुचलं नाही.'

मग ती बोलली. मी ऐकलं. काय ते तुला लिहीत नाही.

नंतर आम्ही दोघींनी मक्याच्या पिठाचं न्सिमा केलं, आणि तिने नेहमीप्रमाणे माझ्या हातातून पळी काढून घेतली, कारण माझ्या न्सिमात गुठळ्या राहतात. पुढच्या रविवारी ती दोघं माझ्याकडे जेवायला येणार आहेत. तुमच्याकडे सरोवरातले उसिपा मासे चांगले वाळले असतील तर मंगळवारच्या बोटीने एक पुडकं पाठव.

तुझी
जेनाला